टाके निघाल्यानंतरची शुश्रूषा

समजा, एकाच आठवड्यात एकाच सर्जननी दोन बायकांच्या डाव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. दोघी पन्नाशीच्या आसपासच्या. गाठीचा आकार जवळपास सारखा, काखेतल्या गाठी दोघींच्याही काढलेल्या, जखम दोघींचीही छान भरलेली. दोन महिन्यांनी एक जण दोरीवर कपडे वाळत घालते आहे आणि शाळेत शिकवायलाही जाऊ लागली आहे. दुसरीचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. तिची वेणी मुलगी घालून देते. ती दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसते आणि शेजारणी भेटायला आल्या की झोपल्याचे सोंग घेते. फाइलमध्ये मात्र दोघींच्या नावापुढे एकच शेरा आहे : जखम भरली, प्रकृती समाधानकारक.

घरचे लोक या फरकाचे कारण चटकन सांगून टाकतात. "ती खंबीर आहे, ही पहिल्यापासून हळवी." मग हळव्या बाईला धीर देण्याचा कार्यक्रम सुरू होतो. "मन घट्ट कर", "वाईट विचार आणू नकोस", "अमकीला बघ, कशी हिंडते-फिरते." यातले प्रत्येक वाक्य मायेपोटी आलेले असते, पण त्याने हात एक इंचही वर जात नाही. शिवाय आजारपणाच्या जोडीला आपण कमी पडतो ही टोचणी त्या बाईच्या पदरात पडते.

शुश्रूषाशास्त्रात या कोड्याचे वेगळे उत्तर आहे. ते धीर-बीर बाजूला ठेवते आणि विचारते : हात वर जात नाही म्हणजे नेमके काय होते? ते कशामुळे होते? त्यातले काय बदलता येईल? भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक अंदाजानुसार 2022 या एका वर्षात देशात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना त्याचे नव्याने निदान झाले. यातल्या फार मोठ्या संख्येने स्त्रिया केव्हा ना केव्हा शस्त्रक्रियेला सामोऱ्या जातात. म्हणून हे तीन प्रश्न पुस्तकातून बाहेर पडून वॉर्डातल्या खाटेपाशी आणि तिथून घरापर्यंत पोहोचायला हवेत.

एका विद्यार्थिनीचे उत्तर

या विचाराची सुरुवात 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये झाली. सिस्टर कॅलिस्टा रॉय या कॅथलिक जोगीण आणि प्रशिक्षित परिचारिका. त्यांनी लहान मुलांच्या वॉर्डात काम केले होते. मोठ्या आजारातून उठलेली मुले किती वेगाने नव्या परिस्थितीत रुळतात हे त्यांनी तिथे पाहिले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेताना डोरोथी जॉन्सन या त्यांना शिकवायला होत्या. वैद्यकाचा विषय रोग आहे, तर शुश्रूषेचा स्वतःचा विषय कोणता, याचा शोध जॉन्सन घेत होत्या आणि विद्यार्थिनींनाही तो घ्यायला लावत होत्या. रॉय यांचे उत्तर होते : बदललेल्या परिस्थितीशी माणूस कसा जुळवून घेतो, तो शुश्रूषेचा विषय. त्या क्षमतेला मदत करणे हे परिचारिकेचे काम. 1970 मध्ये त्यांनी ही मांडणी एका परिचर्या-नियतकालिकात प्रसिद्ध केली. आज जगभरच्या परिचर्या महाविद्यालयांत ती 'रॉय यांचे अनुकूलन प्रारूप' म्हणून शिकवतात. आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही ती आहे.

यात निमूट सोसणे अजिबात अभिप्रेत नाही. रॉय यांच्या मते माणूस परिस्थितीला प्रतिसाद देतो आणि परिस्थिती बदलतोही. स्वयंपाकघरातले डबे वरच्या फळीवरून खाली आणणे हे अनुकूलन आहे, आणि रोज व्यायाम करून हात त्या फळीपर्यंत नेणे हेही.

तीन थरांची कारणे

रॉय यांनी आपल्या मांडणीचा एक महत्त्वाचा धागा हॅरी हेल्सन या मानसशास्त्रज्ञाकडून घेतला. हेल्सन यांच्या प्रयोगांत दिसले होते की एकच वजन आधी हलकी वजने उचललेल्या माणसाला जड वाटते आणि आधी जड वजने उचललेल्याला हलके. म्हणजे समोरच्या गोष्टीला माणूस कसा प्रतिसाद देईल हे केवळ त्या गोष्टीवर ठरत नाही, भोवतालचे आणि पूर्वीचे बरेच काही त्यात मिसळलेले असते. रॉय यांनी हे प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपाशी आणले आणि परिस्थितीतून येणाऱ्या प्रेरणांचे तीन थर केले.

पहिला थर समोर उभ्या असलेल्या कारणाचा. आपल्या दुसऱ्या बाईच्या बाबतीत तो अगदी स्पष्ट आहे : हात वर नेला की काखेत ओढ बसते आणि दुखते.

दुसरा थर भोवतालच्या कारणांचा. व्यायामाचा कागद तिला मिळाला होता, पण तो कोणी करून दाखवला नव्हता. कागद इंग्रजीत होता. जखमेतले पाणी काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, घेऊन ती घरी आली आणि हात हलवला तर नळी निघेल या भीतीने तिने हात पोटाशी धरून ठेवला. नळी निघाली, सवय राहिली. त्यात नणंदेने बजावले, "टाके उसवतील, हात उचलू नकोस."

तिसरा थर सर्वांत खोल. तिची मावशी याच आजाराने गेली होती. आजाराचे नाव घरात कधी उच्चारले गेले नाही, मावशीचे ताट-भांडे वेगळे ठेवले होते एवढेच तिने लहानपणी पाहिले. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही हे तिला डॉक्टरांनी सांगितले आहे, तिने मानही डोलावली आहे. तरी नातवाला ती जवळ घेत नाही.

या तिसऱ्या थराबद्दल रॉय फार सावध आहेत. परिचारिकेला इथे सुरुवातीला फक्त अंदाज करता येतो. रुग्णाने स्वतः सांगितले, खातरजमा झाली, की मगच ते कारण दुसऱ्या थरात आले असे समजायचे आणि त्यावर काम सुरू करायचे. "खेड्यातली बाई आहे, अंधश्रद्धा असणारच" असे गृहीत धरायला या पद्धतीत जागा नाही. शिकलेल्या, शहरी बाईच्या मनातही "माझ्याच हातून काही चुकले असेल" हा विचार ठाण मांडून बसलेला असू शकतो. विचारल्याशिवाय तो कळत नाही.

शरीर स्वतः काय करते, शिकावे काय लागते

जुळवून घेण्यासाठी माणसाकडे दोन यंत्रणा असतात, असे रॉय सांगतात. एक शरीराची. नसा, रक्तातली रसायने, संप्रेरके यांच्या साहाय्याने ती आपोआप चालते. जखम भरते, सूज उतरते, भूक परत येते. दुसरी मनाची. बाहेरून आलेली माहिती टिपणे, नवे शिकणे, निर्णय घेणे, भावना हाताळणे ही तिची कामे.

पहिल्या यंत्रणेला औषध, आहार आणि विश्रांती यांची मदत लागते. दुसरीला लागते ती माहिती, सराव आणि माणसांची सोबत. रुग्णालयात पहिलीकडे बारकाईने लक्ष दिले जाते. दुसरी बहुतेक वेळा नशिबावर सोडली जाते, आणि वरच्या दोन बायकांमधला फरक तिथेच तयार होतो.

एखादा रुग्ण कितपत जुळवून घेतो आहे हे पाहण्यासाठी रॉय यांनी चार खिडक्या सांगितल्या : शरीर, स्वतःविषयीची जाणीव, भूमिका आणि परस्परांचा आधार. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर या चारही खिडक्यांतून एकाच वेळी वारा आत येतो.

पहिली खिडकी : छाती, काख आणि हात

या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला तर शरीरावरचा भार कसा कमी होत गेला ते कळते. विल्यम हॉल्स्टेड या अमेरिकी सर्जननी 1894 मध्ये आपली पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली. तिच्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सगळे काढून टाकत. रोग जितका खोल खणून काढू तितका बरा, हा त्यामागचा विश्वास. पुढची कित्येक दशके बायका खोलगट छाती आणि सुजलेला हात घेऊन जगल्या. नंतर मोठा स्नायू शाबूत ठेवण्याची पद्धत रुळली. 1980 च्या दशकात इटलीतले उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेतले बर्नार्ड फिशर यांनी मोठ्या चाचण्यांतून दाखवून दिले की लवकर सापडलेल्या रोगात केवळ गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग काढून किरणोपचार दिले, तर आयुर्मान संपूर्ण स्तन काढण्याइतकेच राहते. 2002 मध्ये आलेल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यातही हे टिकले.

तरीही काखेपर्यंत जाणारी शस्त्रक्रिया मागे बरेच काही ठेवून जाते. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी संवेदनेची नस बऱ्याचदा दुखावते, म्हणून तिथे बधिरपणा येतो किंवा मुंग्या येतात. काही जणींना काढलेला स्तन जागेवरच असल्यासारखा वाटतो, तिथे खाज येते, दुखतेही. हे भ्रमिष्टपणाचे लक्षण नाही. शरीराचा तो भाग गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा लगेच पुसला जात नाही, म्हणून असे होते. कधी काखेतून कोपराकडे ताणलेली एक दोरी कातडीखाली दिसते आणि हात सरळ करता येत नाही. ही दोरीही बहुधा योग्य ताणाच्या व्यायामाने काही आठवड्यांत सैल पडते. पण आधी कोणी सांगितलेले नसेल तर बाईला वाटते, रोग परत आला.

सर्वांत जास्त काळ सोबत करणारा त्रास हाताच्या सुजेचा. रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपलेले पाणी आणि प्रथिने गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक वाहिन्या शरीरभर असतात. त्यांतून वाहणारा द्रव म्हणजे लसिका, आणि वाटेत तो गाळणाऱ्या गाठी म्हणजे लसिकाग्रंथी. शेतातले जादा पाणी चरांतून एका मोठ्या नाल्याकडे जावे तसा हाताचा निचरा काखेकडे होतो. काखेतल्या गाठी काढल्या की नाल्याचे तोंड अरुंद होते. एरवी उरलेल्या चरांतून काम भागते. पण हाताला जखम होऊन जंतुसंसर्ग झाला, वजन फार वाढले किंवा किरणोपचाराने काखेची ऊती घट्ट झाली, की पाणी तुंबते. अनेक अभ्यास एकत्र करून 2013 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार काखेतल्या गाठी सरसकट काढलेल्या सुमारे 20 टक्के स्त्रियांना ही सूज येते. रोग सर्वांत आधी जिथे पोहोचेल अशा एक-दोन गाठीच काढून तपासल्या, तर हे प्रमाण 6 टक्क्यांच्या आत राहते.

पूर्वी या भीतीपोटी बायकांना सांगत, "या हाताने आता काही उचलायचे नाही." 2009 मध्ये कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सल्ला तपासला. ज्यांच्या हाताला सूज आलेलीच होती अशा 141 स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर, आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली आणि हळूहळू वाढवत वजने उचलायला लावली. सूज वाढली नाही. उलट त्रास उफाळून येण्याचे प्रमाण वजने उचलणाऱ्या गटात 14 टक्के, तर दुसऱ्या गटात 29 टक्के होते. घराघरांत आजही सांगितला जाणारा जुना सल्ला असा मोडीत निघाला. मात्र 'हळूहळू' आणि 'देखरेखीखाली' हे दोन्ही शब्द इथे तितकेच मोलाचे आहेत. पहिल्याच महिन्यात पाण्याची भरलेली कळशी उचलायला निघणे म्हणजे व्यायाम नाही.

परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट इथे काय करू शकतात? शस्त्रक्रियेच्या आधीच्या दिवशी दोन्ही हातांचा घेर मोजून लिहून ठेवायचा, म्हणजे पुढे सूज आली का हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडझाप, कोपर वाकवणे, मनगट फिरवणे. डॉक्टरांनी परवानगी दिली की भिंतीवर बोटे चढवत हात वर नेणे. भिंतीवर खडूने रोजची खूण केली तर पुढच्या आठवड्यात बाईला स्वतःची चढण डोळ्यांनी दिसते. केस विंचरणे, पाठीमागे हूक लावणे, पोळ्या लाटणे ही घरचीच कामे नंतर व्यायाम होतात.

चौकट : शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताची काळजी

• विळी, चाकू, तवा, काटे यांपासून हात जपावा. भांडी घासताना आणि शेतात किंवा बागेत काम करताना हातमोजे घालावेत.
• खरचटले, भाजले तर लगेच साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ ठेवावे.
• सुई, सलाइन शक्यतो दुसऱ्या हाताला. तपासणीला गेल्यावर आपणहून सांगावे.
• बांगड्या, घड्याळ, ब्लाउजची बाही घट्ट नको. नेहमीची अंगठी एकाएकी रुतू लागली तर ती सुजेची पहिली खूण असू शकते.
• हात जड वाटणे, घेर वाढणे : आठवड्याच्या आत दाखवावे. सूज लवकर ओळखली तर दाब देणारी बाही, पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा यांनी आटोक्यात राहते.
• हात लाल, गरम होणे, ताप येणे : त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.
• हात पूर्ण बंद ठेवू नये. वापर हळूहळू वाढवत न्यावा.

दुसरी खिडकी : आरशासमोर

ड्रेसिंग बदलताना बहुतेक जणी मान फिरवून घेतात. अनुभवी सिस्टर त्या वेळी घाई करत नाहीत. आज बघायचे नसेल तर नको, पण आत काय आहे ते शब्दांत सांगतात : आडवी रेघ आहे, टाके कोरडे आहेत, थोडी सूज आहे, ती उतरेल. उद्या विचारतात, परवा पुन्हा विचारतात. बाईने पहिल्यांदा पाहिले त्या वेळी जवळ कोणी समजूतदार माणूस असणे आणि घरी गेल्यावर न्हाणीघरात एकटीनेच अचानक पाहणे, यात फार अंतर आहे. रॉय यांच्या भाषेत दुसरी खिडकी ही : स्वतःच्या शरीराविषयीची जाणीव आणि आपण कोण आहोत, आपले काय व्हायला हवे, काय योग्य, काय अयोग्य याविषयीच्या धारणा.

या बाबतीत रुग्णालयांनी फार काळ काहीच केले नाही. न्यू यॉर्कच्या टेरीस लासर यांचा स्तन काढल्यानंतर हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, पतीशी काय बोलायचे हे त्यांना कोणी सांगेना. 1952 मध्ये त्यांनी स्वतःच इतर रुग्णांना भेटायला सुरुवात केली. सोबत व्यायामासाठी रबरी चेंडू, दोरी आणि ब्लाउजमध्ये ठेवायचा तात्पुरता कृत्रिम स्तन. डॉक्टरांना हे सुरुवातीला रुचले नाही. पण 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो उपक्रम आपलासा केला आणि पुढे तो अनेक देशांत पसरला. 1974 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपली शस्त्रक्रिया लपवली नाही. रुग्णालयाच्या खोलीत फुटबॉल हाताळतानाचे त्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रांत आले. ज्या आजाराचे नाव कुजबुजत घेत, तो झालेली बाई हात उचलून हसते आहे, हे लोकांनी पाहिले. त्यानंतर तपासणीसाठी जाणाऱ्या अमेरिकी स्त्रियांची संख्या वाढली.

कृत्रिम स्तन हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. एका बाजूचे वजन एकदम गेले की खांदा उचलला जातो, पाठ दुखू लागते. सुरुवातीला कापसाचा मऊ, हलका भरणा पुरतो. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, वजनदार सिलिकॉनचा वापरता येतो. तो महाग पडतो. सुती दोऱ्याने विणलेले, धुता येणारे कृत्रिम स्तन भारतातही स्वयंसेवक बायका विणून मोफत देतात. शिंप्याकडून ब्लाउजला आतून खिसा लावून घेतला की तो हलत नाही. आणि काही लावायचेच नाही असे एखादीने ठरवले, तर तेही अनुकूलनच. ठरवणारी ती आहे.

तिसरी खिडकी : घरात तिचे काम काय

बाई आजारातून उठते तेव्हा घराने तिच्याविना चालायला शिकलेले असते. सुनेने ओटा ताब्यात घेतलेला असतो, बँकेची कामे मुलगा करू लागलेला असतो. "तू बस, काही करू नकोस," हे प्रेमाने म्हटले जाते, आणि बाईला वाटते की आता आपली गरज उरली नाही. याच्या उलटही घडते. टाके निघाल्याबरोबर पाणी भरण्यापासून धुण्यापर्यंत सगळे पुन्हा तिच्या अंगावर येते. केमोथेरपी चालू असते, थकवा हाडांत शिरलेला असतो, पण जखम भरली ना, मग ती बरी झाली, असा घराचा हिशेब.

रॉय भूमिकांचे तीन प्रकार करतात. एक वय आणि लिंगामुळे येणारी, दुसरी नात्याची आणि पेशाची, तिसरी तात्पुरती किंवा आवडीने स्वीकारलेली. पहिली बदलत नाही, दुसरी काही काळ आखडती घ्यावी लागते. तिसरी मात्र लहान असली तरी आधी परत मिळवता येते. भजनी मंडळात टाळ धरणे, भिशीचा हिशेब ठेवणे, नातवाचा अभ्यास घेणे. परिचारिकेने घरच्यांसमोर बसून कोणते काम कधीपासून, कोणते अजिबात नको, कोणते कायमचे दुसऱ्याने घ्यायचे हे ठरवून दिले, तर पुढची बरीच धुसफूस टळते. नोकरी करणाऱ्या बाईसाठी हीच यादी कार्यालयाला द्यायच्या डॉक्टरांच्या पत्रात असावी.

चौथी खिडकी : फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण

चौथी खिडकी जवळच्या माणसांची. ड्रेसिंगच्या वेळी नवऱ्याला बाहेर उभे करण्याची आपल्या वॉर्डांत पद्धतच आहे. बाईची इच्छा असेल आणि वॉर्डात आडोसा असेल, तर त्याला आत घ्यायला हवे. त्यानेही तो व्रण पहिल्यांदा कोणा जाणत्या माणसासोबत पाहिलेला बरा. तो दूर राहतो कारण तिला दुखेल अशी त्याला भीती असते. ती समजते, त्याला आपली किळस येते. दोघेही बोलत नाहीत. शरीरसंबंध केव्हा सुरू करता येतील हा प्रश्न तर कोणीच विचारत नाही. त्याचे उत्तर डॉक्टर आणि परिचारिका यांनी न विचारता द्यायला हवे.

आधार मिळाल्याने खरेच काही फरक पडतो का? अमेरिकेतल्या नेल्डा सॅमरेल, लिन टलमन आणि जॅकलिन फॉसेट या परिचर्या-संशोधकांनी रॉय यांच्याच मांडणीवर हे तपासले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग झालेल्या 125 स्त्रियांचे तीन गट होते. एका गटाला 13 महिने फोनवरून वैयक्तिक आधार आणि शिवाय प्रत्यक्ष एकत्र बसणे, दुसऱ्याला तितकेच महिने फक्त फोन, तिसऱ्याला एकदाच टपालाने माहिती. पहिल्या दोन गटांत उदासी आणि एकटेपणा कमी होता, जवळच्या माणसाशी नाते अधिक चांगले होते. रोगाविषयीची काळजी मात्र तिन्ही गटांत सारखीच राहिली, आणि ते समजण्यासारखे आहे. आपल्या दृष्टीने इथे सर्वांत कामाची गोष्ट ही की केवळ फोनने जवळपास तेवढेच साधले. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या बाईला गटासाठी दर महिन्याला शहरात येणे जमणार नाही. फोन तिच्या हातात आहे.

सोबत कधी आपोआपही जुळते. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार घेणारे बाहेरगावचे कितीतरी रुग्ण दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. आधी शस्त्रक्रिया होऊन गेलेली बाई नव्या बाईला हात कुठपर्यंत वर जायला किती दिवस लागले ते सांगते. त्या माहितीला जे वजन असते ते कोणत्याही पत्रकाला नसते.

सहा पायऱ्या, एका हातासाठी

हे सगळे परिचारिका प्रत्यक्षात कसे वापरते? रॉय यांनी सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी वागणे पाहायचे : हात खांद्यापर्यंतच जातो, नातवाला जवळ घेत नाही, पाहुण्यांना टाळते. मग कारणांचे तिन्ही थर शोधायचे. तिसरी पायरी शुश्रूषेचे निदान, म्हणजे वागणे आणि कारण एका वाक्यात जोडणे : "दुखण्याच्या भीतीमुळे आणि व्यायाम करून न दाखवल्यामुळे खांद्याची हालचाल मर्यादित." चौथी उद्दिष्ट, आणि ते तारखेसह : पंधरा दिवसांत डाव्या हाताने स्वतःची वेणी घालता येईल. पाचवी प्रत्यक्ष कृती. व्यायामाच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी, मुलीसमोर व्यायाम करून दाखवणे आणि करून घेणे, नणंदेला समजावणे, मावशीविषयी बोलायला वेळ देणे, आणि कर्करोग संसर्गजन्य नाही हे नातवाच्या आईसमोरच स्पष्ट सांगणे. सहावी मूल्यमापन. वेणी जमली का? नसेल तर धीर कमी पडला असे म्हणायचे नाही, एखादे कारण नजरेतून सुटले असे समजायचे आणि पुन्हा दुसऱ्या पायरीवर यायचे.

2014 मध्ये तुर्कस्तानातल्या तीन परिचारिका-संशोधकांनी स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाच्या काळजीची अशीच मांडणी प्रसिद्ध केली. म्हणजे स्तन पूर्ण काढलेला नसतानाही या चार खिडक्या तपासाव्या लागतात. "तुमचा स्तन तर वाचला, मग कसले दुःख?" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

या मांडणीत दोषही आहेत. तिची परिभाषा जड आहे. आपल्याकडे विद्यार्थिनी ती परीक्षेसाठी पाठ करतात आणि वॉर्डात आल्यावर सलाइन, इंजेक्शने, नोंदी यांच्या रगाड्यात ती मागे पडते. त्यासाठी परिचारिकांना बोल लावता येणार नाही. एका सिस्टरवर डझनावारी खाटा असतील तर मावशीची गोष्ट ऐकायला ती वेळ कुठून आणणार? स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी वेगळी प्रशिक्षित परिचारिका नेमणे ही काही देशांत रुळलेली व्यवस्था आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयांत आणि मोठ्या खासगी रुग्णालयांत ती यायलाच हवी. यंत्रे घेताना जो उत्साह दिसतो, त्याचा थोडा भाग तरी या नेमणुकांच्या वाट्याला यावा.

तोवर रुग्णाने आणि घरच्यांनी काही गोष्टी मागून घ्याव्यात. घरी सोडण्याच्या दिवशी घाईने बिल भरून निघू नका. व्यायाम करून दाखवायला सांगा आणि सिस्टरांसमोर एकदा स्वतः करा. दोन्ही हातांचा घेर मोजून फाइलमध्ये लिहून घ्या. सूचना मराठीत लिहून मागा. कोणती लक्षणे दिसली तर त्याच दिवशी यायचे ते विचारा. नवऱ्याला, मुलीला, सुनेला या बोलण्याच्या वेळी खोलीत थांबवा. आणि शंका आली तर कोणत्या नंबरवर, किती वाजता, कोणाशी बोलायचे हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.